बोर्ड गेला, की बायोस?

बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच. अशा संगणकाचा निकाल दुकानात बहुधा एका वाक्यात लागतो: ‘बोर्ड गेला.’ मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरच्या मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावात हा निकाल महागात पडतो. २००१ साली एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरतेची परीक्षा सुरू झाली आणि गावोगावी संगणकाचे वर्ग निघाले. तेव्हाच्या बोर्डाचा प्रोसेसर आणि रॅम आजच्या बोर्डावर बसत नाहीत. एक बदलायचं तर सगळंच बदलावं लागतं. पण पुष्कळदा बोर्ड शाबूत असतो. गेलेला असतो तो त्यावरच्या एका चिपमधला मजकूर.

हा मजकूर म्हणजे बायोस. वीज येताच प्रोसेसर पहिली आज्ञा ठरलेल्या पत्त्यावर शोधतो आणि तिथे ही चिप जोडलेली असते. रॅम तपासणं, डिस्प्ले जागा करणं, हार्डडिस्क शोधणं ही कामं बायोसची. १९८१च्या आयबीएम पीसीत तो रॉममध्ये कायमचा कोरलेला होता. नव्वदच्या दशकात बोर्डावर फ्लॅश चिप आली. चिप न काढता बायोस बदलता येऊ लागला, आणि तितक्याच सहज बिघडूही लागला.

फ्लॅशमध्ये जुन्यावर नवं थेट लिहिता येत नाही. आधी ब्लॉक पुसून सगळे बिट १ करायचे, मग हवे तिथे ० उमटवायचे. या दोन्हींच्या मध्ये लाइट गेली की चिपमध्ये अर्धवट मजकूर उरतो. ग्रामीण विदर्भाने भारनियमनाची वर्षं काढली आहेत; इन्व्हर्टरशिवाय बायोस नव्याने लिहिणं हा तिथे जुगारच होता. व्हायरसचा घाव वेगळा. तैवानच्या चेन इंग-हाउने लिहिलेल्या सीआयएच व्हायरसने २६ एप्रिल १९९९ रोजी असंख्य बोर्डांचे बायोस खराब केले. इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटचे बोर्ड त्याच्या तावडीत विशेष सापडले.

हे संकट बायोस लिहिणाऱ्यांनी आधीच ओळखलं होतं. म्हणून चिपचा एक छोटा भाग, बूट ब्लॉक, एरवीच्या अपडेटमध्ये सहसा पुसला जात नाही. बाकीचा मजकूर बिघडलेला दिसला की बूट ब्लॉक फ्लॉपीकडे वळतो. अवॉर्ड या कंपनीच्या बायोसला बूट होणारी फ्लॉपी लागते. तिच्यात फ्लॅश करणारा प्रोग्राम, बायोसची फाइल आणि दोन्ही आपोआप चालवणारी ऑटोएक्झेक फाइल हवी. त्याच्या बूट ब्लॉकला बहुधा जुनं आयसा डिस्प्ले कार्डच ओळखता येतं, म्हणून पडदा काळा असला तरी फ्लॉपीच्या आवाजावर कान ठेवायचा. एएमआय या दुसऱ्या कंपनीचा बायोस असलेल्या अनेक बोर्डांवर फाइलला ‘एएमआयबूट.रॉम’ नाव देऊन फ्लॉपीत टाकतात आणि कंट्रोल व होम ही बटणं दाबून धरतात.

बूट ब्लॉकही गेला असेल तर हॉट स्वॅप. त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड डॉसमध्ये सुरू करायचा. तोवर बायोस रॅममध्ये उतरलेला असतो. मग चालू बोर्डातून चांगली चिप उचलून खराब चिप बसवायची आणि तिच्यावर फाइल लिहायची. चिप उलटी बसली किंवा हत्यार घसरलं, तर एकाचे दोन बोर्ड जातात.

पुढे आठ पायांच्या एसपीआय चिप आल्या आणि सीएच ३४१ए हा स्वस्त यूएसबी प्रोग्रामर टेबलावर आला. वीज तोडायची, बोर्डावरचा सेल काढायचा, चिपला क्लिप लावायची. आधी दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळतात का ते बघायचं. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही, किंवा चिपची वीज बोर्डावरचे इतर भाग ओढत आहेत. या प्रोग्रामरच्या काळ्या प्रकारात एक खोट आहे: ३.३ व्होल्टच्या चिपला तो डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतो. आणखी नव्या १.८ व्होल्टच्या चिपला वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो.

खरी अडचण हत्याराची नाही, फाइलची असते. मॉडेल तेच पण आवृत्ती वेगळी, एवढ्यानेही बोर्ड अडतो. अनेक बोर्डांत नेटवर्कचा मॅक पत्ता आणि अनुक्रमांक त्याच चिपमध्ये असतात, म्हणून बिघडलेला मजकूरही पुसण्याआधी जपून ठेवावा लागतो. कंपन्या जुन्या बोर्डांची पानं संकेतस्थळावरून काढून टाकतात. मग उरतो तो कुणीतरी चालत्या बोर्डावरून वेळीच वाचून ठेवलेला मजकूर. म्हणून दुकानात आलेल्या प्रत्येक चांगल्या जुन्या बोर्डाची फाइल उतरवून, मॉडेल आणि आवृत्तीसह नीट नाव देऊन ठेवणारा कारागीर पुढच्या गिऱ्हाइकाला ‘बोर्ड गेला’ याहून वेगळं उत्तर देऊ शकतो.