एमआयएसच्या पदवीत नेमकं काय शिकवतात?

१९९९ साली अमेरिकेतल्या हर्षी या चॉकलेट कंपनीवर अजब वेळ आली. हॅलोविनचा सण तोंडावर आलेला, दुकानदारांच्या ऑर्डरी पडून, चॉकलेट तयार. तरीही माल निघेना. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चाची नवी संगणक प्रणाली त्याच जुलैत सुरू झाली होती. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकलेलं. शेवटी १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या झाल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा जवळपास १९ टक्क्यांनी घसरला. पुढे जी कारणं समोर आली, त्यातलं एक मला फार बोलकं वाटतं. हंगामाच्या दिवसांत जादा माल ठेवायला कंपनी काही तात्पुरत्या जागा वापरत असे. त्या जागा कामगारांना ठाऊक होत्या, पण प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती.

काम प्रत्यक्षात कसं चालतं हे आधी समजून घ्यायचं आणि मग संगणकाला हात लावायचा, हे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजेच एमआयएस, या पदवीचं खरं शिक्षण. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस या विषयाची पायाभरणी केली. त्या देशात ही पदवी बहुतेक ठिकाणी बिझनेस स्कूलमध्ये मिळते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत अकाउंटिंग, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मार्केटिंग हे विषय असतातच. संगणकासाठी आलेली मुलं इथे कुरकुरतात. पण जमा-खर्चाची नोंद कुठे पडते हे न कळता बिलिंगची प्रणाली कशी आखणार? प्रोग्रॅमिंग असतं, पायथन किंवा जावा, पण कामापुरतं. कंपायलर कसा बनतो हा कॉम्प्युटर सायन्सचा प्रांत.

डेटाबेस हा मात्र कणा. १९७० साली आयबीएममध्ये असताना एडगर कॉड यांनी माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली, आणि आजही पहिला धडा तिचाच असतो. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. डेअरीला दूध घातलं की संकलन केंद्रावर पावती मिळते : सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), दर, रक्कम. आता प्रत्येक नोंदीत सभासदाचं नाव आणि बँक खातंही लिहीत गेलो, तर खातं बदलल्यावर शेकडो ओळी दुरुस्त कराव्या लागतील. एखादी राहिली की पैसे भलत्याच खात्यात! म्हणून सभासदांचा तक्ता वेगळा, रोजच्या दुधाचा वेगळा आणि दोन्हींना जोडणारा सभासद क्रमांक. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो, म्हणजे दरपत्रक हा तिसरा तक्ता. पण दरपत्रक बदलतं, आणि मागच्या महिन्याच्या पावतीवर त्या दिवशीचाच दर दिसायला हवा. मग दरपत्रकाला तारीख जोडावी लागते. ही तारीख सुचणं म्हणजे विषय कळणं. डेटाबेसशी बोलण्याची एसक्यूएल ही भाषा मेहनत घेतली तर काही आठवड्यांत जमते, ही नजर यायला वेळ लागतो.

ही नजर घडवणारा विषय म्हणजे सिस्टिम्स ॲनालिसिस अँड डिझाइन. विद्यार्थी संस्थेत जातात, लोकांशी बोलतात, कागद कुठून कुठे जातो याची आकृती काढतात. ‘तुमची पद्धत काय?’ असं विचारलं की माणूस नियमातलं उत्तर देतो. टेबलाशेजारी दोन तास बसलं की ड्रॉवरमधली खासगी वही दिसते, आणि बरेचदा खरं काम त्या वहीवरच चालत असतं. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेलं प्रारूपही इथेच भेटतं : प्रणाली उपयोगाची आणि वापरायला सोपी वाटली तरच लोक ती वापरतात.

बाकी नेटवर्क, सुरक्षा, डेटा ॲनालिटिक्स, कंपनीचे सगळे विभाग जोडणाऱ्या ‘सॅप’सारख्या ईआरपी प्रणाली आणि प्रकल्प व्यवस्थापन हे ठरलेले विषय. शेवटच्या वर्षी अनेक ठिकाणी बाहेरच्या संस्थेसाठी खरा प्रकल्प करावा लागतो. नोकऱ्या मिळतात त्या बिझनेस ॲनालिस्ट, डेटा ॲनालिस्ट, ईआरपी सल्लागार अशा.

महाराष्ट्रात याच्या जवळचा अभ्यासक्रम म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वाणिज्य शाखेकडचा बीबीए (सीए), इथे सीए म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. कॉमर्सच्या मुलांनी त्याकडे दुय्यम म्हणून पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. हिशेबाची जाण त्यांच्याकडे आधीच असते. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजात दोन गोष्टी जरूर विचारा : सिस्टिम्स ॲनालिसिस कोण शिकवतं, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प खऱ्या संस्थेत होतो की बाजारातून बांधून आणलेला चालतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं कॉलेज बघा.