वेस्टर्न रेड सिडार: मऊ लाकडाचा टिकाऊपणा

अलास्काच्या दक्षिणेपासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या ओल्या किनारपट्टीवर हा वृक्ष वाढतो. हैडा, त्लिंगित, कोस्ट सेलिश अशा तिथल्या मूळ रहिवाशांची घरे, होड्या आणि वस्त्रेही त्याच्यापासून होत. त्याच्याविषयीच्या काही समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: हा अमेरिकेतला देवदार.
वस्तुस्थिती: देवदार पाइनच्या कुळातला, सुईसारख्या पानांचा. हा सायप्रसच्या कुळातला. पाने चपटी, खवलेदार. शंकू जेमतेम सेंटिमीटरभर. आपल्या बागेतली मोरपंखी त्याला अधिक जवळची.

गैरसमज: टिकाऊ लाकूड कठीणच असणार.
वस्तुस्थिती: यावर नखानेही ओरखडा उठतो आणि वजन सागाच्या साधारण निम्मे. ते टिकते ते गाभ्यातल्या थुजाप्लिसिनसारख्या बुरशीरोधक द्रव्यांमुळे. सालीलगतच्या फिकट लाकडात ती नसल्यात जमा, म्हणून तो भाग लवकर कुजतो.

गैरसमज: नैसर्गिक लाकूड, म्हणजे निर्धोक.
वस्तुस्थिती: भुशातल्या प्लिकॅटिक आम्लामुळे करवत गिरण्यांतल्या काही कामगारांना दमा जडतो. रंधा मारताना मास्क आणि खेळती हवा हवीच.

गैरसमज: वापरायचे तर झाड पाडावेच लागते.
वस्तुस्थिती: होडीसाठी आणि खांबासाठी पाडावे लागे, सालीसाठी नाही. वसंताच्या अखेरीपासून, रस चढलेला असताना, उभ्या झाडाची एखादी पट्टी खालून वर सोलत. बाकीची साल शाबूत असल्याने झाड जगे. आतली साल कुटून मऊ केली की तिच्यापासून वस्त्रे, चटया, टोप्या, दोर होत. पाचरी ठोकून उभ्या झाडाच्या फळ्याही काढत. असे व्रण असलेली झाडे आजही सापडतात. जमिनीच्या हक्काच्या दाव्यांत ती पुरावा म्हणून मांडली गेली आहेत.

गैरसमज: होडी म्हणजे नुसता पोखरलेला ओंडका.
वस्तुस्थिती: पोखरल्यावर त्यात पाणी भरून तापलेले दगड टाकत. वाफेने लाकूड नरम झाले की आडवे दांडे बसवून बाजू फाकवत. त्यामुळे होडी मूळ ओंडक्यापेक्षा रुंद होई.

गैरसमज: टोटेम खांब म्हणजे पूजेच्या मूर्ती.
वस्तुस्थिती: याच झाडाच्या या कोरीव खांबांची पूजा होत नसे. कुळाची चिन्हे, वंशाच्या कथा, मृतांची स्मृती त्यांवर कोरलेली असते. खांब उभारताना पॉटलॅच हा दानसमारंभ होई. कॅनडाच्या कायद्याने तो 1885 ते 1951 बंद ठेवला. आता नवे खांब पुन्हा उभे राहतात, पण त्यांच्याजोगे सरळ, निर्दोष, जुने झाड शोधणे कठीण झाले आहे.