फोन अनेक, दुकान एकच!

कोलकात्यातील खिदिरपूर म्हटले की हुगळीकाठची गोदी आठवते आणि तिच्याजवळचे फॅन्सी मार्केटही. १९९१ पूर्वी परदेशी वस्तूंवर जबर आयात शुल्क असे. त्या काळी घड्याळे, टेपरेकॉर्डर, कॅमेरे पाहायला लोक मुद्दाम या बाजारात येत. अशा बाजारात गिऱ्हाइकाचे बळ एकच असते: एका दुकानात सौदा पटला नाही, तर शेजारच्या दुकानात जायचे!

पण मोबाइल फोनच्या आत शेजारचे दुकान आहे का?

दुकानात निरनिराळ्या कंपन्यांचे फोन मांडलेले असतात. त्यांतील बहुतेक फोन गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. ही प्रणाली फुकट मिळते, पण गूगलचे प्ले स्टोअर हवे असेल, तर त्यासोबत गूगलची इतर अ‍ॅप्सही फोनमध्ये बसवावी लागतील, अशी अट फोन बनवणाऱ्या कंपन्यांना घातली जात होती. प्ले स्टोअरशिवाय फोन खपणार कसा? मग नाही कोण म्हणणार?

अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या तिघांनी याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीपासून बसवलेली अ‍ॅप्स काढून टाकण्याची मुभा त्यांतच गेली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

मोठे होणे हा गुन्हा आहे का?

मुळीच नाही. चांगला माल देऊन कोणी मोठा झाला, तर कायद्याची हरकत नसते. २००२ चा स्पर्धा कायदा आक्षेप घेतो तो मोठेपणाचा गैरवापर करून इतरांची वाट अडवण्याला. अमेरिकेतही १९९८ मध्ये सरकारने मायक्रोसॉफ्टवर याच कारणासाठी खटला भरला होता. विंडोज प्रणालीच्या जोरावर ही कंपनी आपला ब्राउझर लोकांच्या माथी मारते, असा आरोप होता.

“आम्हाला तर सगळे फुकटच मिळते, मग तोटा कसला?” असे आपल्याला वाटेल. पण फुकट सेवेचा मोबदला आपण आपल्या माहितीच्या रूपाने देतो, जाहिरातींच्या रूपानेही देतो. शिवाय एखाद्या होतकरू तरुणाने अधिक चांगले अ‍ॅप बनवले, तरी ते आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. जे कधी पाहिलेच नाही, त्याची उणीव जाणवणार कशी?

जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतात काही बदल जाहीर केले. फोन बनवणाऱ्यांना हवी तेवढीच अ‍ॅप्स घेण्याची मोकळीक मिळाली. नवा फोन सुरू करताना कोणते शोधयंत्र हवे, हे ग्राहकाने निवडण्याची सोयही त्यांत होती. तेव्हा घरात नवा फोन आला की घाईने ‘पुढे’ दाबत जाऊ नका. पर्याय वाचा, मुलांनाही वाचायला सांगा. नको असलेली काही अ‍ॅप्स सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतात, तीही पाहा. चार दुकाने हिंडून माल पारखणारे आपण, फोनच्या आतच ही सवय का सोडावी?