दुकानाची पत आणि शोधयंत्र

व्यापारी माणसाला भांडवलाइतकीच पत उपयोगी पडते, हे मोंढ्यात चार दिवस बसलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पत म्हणजे आपल्याविषयी इतरांचे मत. ते आपण स्वतः सांगून भागत नाही. चार जाणत्या माणसांनी सांगावे लागते. हुंडीवर व्यवहार चालत त्या काळी परगावच्या पेढीवर कागद वटे तो याच आधारावर. लिहिणारा कोण आणि त्याला ओळखणारा कोण, हे आधी पाहिले जाई. आज हाच व्यवहार एका निराळ्या जागी घडत आहे. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी ग्राहक खिशातल्या फोनला विचारतो. फोनमधले शोधयंत्र काही नावे पुढे करते. त्यांतली पहिली दोन-तीन तो पाहतो, आणि बाकीची दुकाने त्याच्यापुरती नसल्यासारखीच होतात. ही पहिली नावे कोणत्या न्यायाने ठरतात आणि त्यांत आपले नाव यावे म्हणून लहान दुकानदाराने काय करावे व काय करू नये, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, आपल्या हदगावचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण नांदेडहून यवतमाळ-नागपूरकडे जाणारी वाहतूक हदगावावरून जाते. त्या प्रवाशाला पंक्चर काढणारा हवा असतो. पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याला बियाणे कोणाकडे आले आहे हे घरबसल्या कळायला हवे असते. नांदेडला नोकरी करणारा मुलगा गावातल्या आईसाठी चष्म्याचे दुकान शोधतो. ही सारी माणसे फोनला विचारतात. आणि ज्या दुकानदाराने एखादी वेबसाईट म्हणजे संकेतस्थळ उघडले आहे, त्याला लौकरच एक गोड आवाजाचा फोन येतो : "तुमचे दुकान गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, अमुक हजार रुपये भरा." पैसे भरावेत की नाही, हे ठरवण्यासाठी तरी या यंत्राची रीत समजून घेतली पाहिजे.

शोधयंत्राचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिली पायरी फिरण्याची. यंत्राचे आपोआप चालणारे कार्यक्रम एका पानावरून दुसऱ्या पानावर सतत हिंडत असतात. दुसरी नोंदीची. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी सूची असते आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे हे तीवरून कळते. तशीच, पण अफाट मोठी सूची हे यंत्र तयार करून ठेवते. तिसरी पायरी क्रमाची. "सोयाबीन बियाणे" हे शब्द हजारो पानांवर असतील, तर आधी कोणते पान दाखवायचे? खरी अडचण येथेच आहे.

सुरुवातीची शोधयंत्रे मुख्यतः पानावर शब्द किती वेळा आला हे पाहत. लबाडांना हे कळताच त्यांनी एकच शब्द शेकडो वेळा लिहिला, तोही पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे वाचकाला दिसू नये आणि यंत्राला मात्र दिसावा. आपणच आपली स्तुती करण्याचा हा प्रकार होता. त्यावरचा उपाय १९९६ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांना सुचला आणि त्यातून १९९८ साली गूगल ही कंपनी निघाली. त्यांची कल्पना मुळात ग्रंथालयशास्त्रातील होती. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढच्या किती निबंधांत झाला यावरून त्याचे महत्त्व जोखता येते, हा विचार यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडला होता आणि १९६४ साली अशा उल्लेखांची मोठी सूचीही प्रसिद्ध केली होती. पेज आणि ब्रिन यांनी तोच न्याय संकेतस्थळांना लावला. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या खुणेला आपण दुवा म्हणतो, लिंक म्हणतो. असा प्रत्येक दुवा ही एक साक्ष आहे, असे त्यांनी मानले.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, सर्व साक्षी सारख्या वजनाच्या नसतात. ज्याला पुष्कळांनी मानले आहे त्याची साक्ष अधिक वजनदार. दुसरी, साक्ष वाटली की पातळ होते. एका पानाने दहा ठिकाणी दुवे दिले तर त्याचे वजन दहा ठिकाणी विभागते. हजार ठिकाणी दिले तर एकेकाच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. आज क्रम लावताना यंत्र याखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी पाहते. तरी दुव्याचे साक्षीपण संपलेले नाही.

आणि जेथे साक्षीला किंमत आली, तेथे खोटे साक्षीदार आलेच. केवळ दुवे विकण्यासाठी शेकडो पोकळ संकेतस्थळे उभी राहिली. दुसऱ्याच्या पानाखाली वाचकांसाठी ठेवलेल्या जागेत आपल्या दुकानाचे पत्ते चिकटवण्याचा धंदा सुरू झाला. त्याला आळा म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक खूण ठरवली. 'नोफॉलो' अशी ही खूण ज्या दुव्याला लावली असेल, तो साक्ष म्हणून धरू नये, असा तिचा अर्थ. पुढे २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या दुव्यासाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण आली. म्हणजे पैसे देऊन दुवा लावणे हाच अपराध नव्हे. जाहिरात जाहिरात म्हणून केली तर त्यात गैर काही नाही. विकत घेतलेली साक्ष फुकट मिळाली असे भासवणे, हा अपराध.

यात मोठमोठेही सापडले. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने जर्मनीतील बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे संकेतस्थळ काही दिवस आपल्या सूचीतून काढून टाकले. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरेच, असा तेथे प्रकार होता. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानाविषयी लिहिले. ज्यांचा कापडचोपडाशी काडीचा संबंध नाही अशा असंख्य पानांवर त्या दुकानाचे दुवे पेरलेले आढळले. कंपनीने आपल्याला याची कल्पना नव्हती असे सांगितले आणि सल्लागार संस्थेला काढूनही टाकले. परंतु घसरले ते नाव दुकानाचेच. मुखत्याराने केलेले शेवटी मालकाच्या खात्यावर पडते, हे आपल्याकडच्या कुळकर्ण्याच्या दप्तरातही तसेच होते.

एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाची सुधारणा आणली आणि बनावट दुव्यांवर उभी असलेली अनेक संकेतस्थळे एकदम खाली गेली. पुढे, २०१६ पासून, यंत्राने बहुतेक वेळा निराळे धोरण धरले : खोटी साक्ष सापडली की ती मोजायचीच नाही. हे लहान दुकानदाराने विशेष लक्षात ठेवावे. त्याने भरलेले पैसे बहुधा नुसते पाण्यात जातात, आणि ते पाण्यात गेले हे त्याला कोणी सांगतही नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलच आपल्या मार्गदर्शनात सांगते. नकाशावर दिसणाऱ्या दुकानांचा क्रमही पैसे देऊन बदलत नाही. तेथे मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात : ग्राहकाने मागितलेल्या वस्तूशी दुकानाचा संबंध, दुकानाचे अंतर आणि त्याची ख्याती. अंतर आपल्या हाती नाही. उरलेल्या दोन आहेत.

तेव्हा करायचे काय? आधी आपले घर नीट करावे. दुकानाचे नाव, पत्ता, फोन, उघडण्याची वेळ आणि सुटीचा वार ही माहिती एकसारखी असावी. पाटीवर एक नाव, पावतीवर दुसरे आणि नकाशावर तिसरे, असे असले म्हणजे यंत्राला ही तीन दुकाने वाटतात. नकाशावरील नोंद फुकट करता येते. ती मालकाने स्वतः करावी आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नये. गावाचे नाव देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहावे, कारण लोक दोन्ही प्रकारे शोधतात.

येथे मराठीपुरती एक खास अडचण आहे. आपल्याकडील छपाईची कामे वर्षानुवर्षे श्री-लिपीसारख्या जुन्या अक्षरसंचांत झाली. कागदावर ती अक्षरे सुरेख दिसतात. पण तोच मजकूर उचलून संकेतस्थळावर घातला तर यंत्राला 'हळद' दिसत नाही, काही रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत असेल तरच तो शोधता येतो. तसेच फ्लेक्सचा फोटो चढवून काम झाले असे समजू नये. चित्रातला मजकूर यंत्राला नीट वाचता येईलच असे नाही. तोच मजकूर खाली अक्षरांतही लिहावा. कित्येक दुकाने शोधात दिसत नाहीत त्याचे कारण एवढे साधे असते, आणि उपायाला एक दुपार पुरते.

त्यानंतर साक्षीचा प्रश्न. साक्ष मागून मिळत नाही. साक्ष द्यावीशी वाटेल असे काही आपल्यापाशी असावे लागते. समजा, येथील एका कृषी सेवा केंद्राचे संकेतस्थळ आहे. "आमच्याकडे उत्तम बियाणे मिळेल" हे वाक्य सगळेच लिहितात. त्याला कोण दुवा देणार? पण त्याच दुकानदाराने मे महिन्यात, पेरणीच्या आधी, घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती कशी तपासावी हे आपल्या बोलीत, फोटोंसह लिहिले तर? सरसकट घेतलेले शंभर दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ओलसर ठेवावे आणि पाच-सात दिवसांनी उगवलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे. त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. दुकानदार स्वतः बियाणे विकतो आणि तरी घरचे बियाणे तपासायला शिकवतो, म्हटल्यावर वाचणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास बसतो. असे पान शेतकरी एकमेकांना पाठवतात, शेतकरी कंपनी आपल्या पानावर त्याचा दुवा देते, शाळेतले विज्ञानशिक्षक मुलांना दाखवतात, वार्ताहर त्याचा उल्लेख करतात. ही मिळवलेली साक्ष होय. ती एका रात्रीत येत नाही, पण एका रात्रीत जातही नाही.

याखेरीज जे संबंध मुळात खरे आहेत, त्यांचीच नोंद व्हावी एवढे मागायला हरकत नाही. ज्या कंपनीचे आपण अधिकृत विक्रेते आहोत तिच्या विक्रेत्यांच्या यादीत आपले पान असावे. व्यापारी संघाचे संकेतस्थळ असेल तर तेथे सभासदांची नावे असावीत. वाचनालयाला देणगी दिली आणि त्यांनी नाव लावले, तर ती देणगी आहे हे तेथे स्पष्ट असावे. "तू माझा दुवा लाव, मी तुझा लावतो" असा घाऊक सौदा मात्र टाळावा. दोन उधारखोरांनी एकमेकांना जामीन राहण्यासारखे ते आहे. ग्राहकांच्या अभिप्रायांचेही तसेच. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. विकत घेतलेले किंवा विक्रेत्याने माणसे लावून लिहवलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात सांगितले आहे. भाच्यांकडून पाच-पाच तारे लावून घेण्यापेक्षा एका नाराज ग्राहकाला सभ्यपणे दिलेले उत्तर अधिक कामाचे.

आता एक रास्त आक्षेप. न्यायाधीश स्वतः निःपक्षपाती आहे काय? नेहमीच आहे असे म्हणता येणार नाही. भारतमॅट्रिमनी ही विवाहविषयक कंपनी आणि ग्राहकहितासाठी काम करणारी 'कट्स' ही संस्था यांच्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपये दंड ठोठावला होता. ऑगस्ट २०२४ पासून भारतात अनेक प्रश्नांना यंत्र स्वतःच वर गोळाबेरीज उत्तर देते, त्यामुळे वाचक खालच्या पानापर्यंत पोचेलच याचीही खात्री उरली नाही. म्हणून सारा भरवसा या एका दारावर ठेवू नये. ग्राहकांची वही, फोनवरचा निरोप, चौकातली पाटी ही जुनी दारे उघडी ठेवावीतच. परंतु यंत्र पक्षपाती असेल म्हणून आपण खोटे साक्षीदार उभे करावेत, हे काही ओघाने येत नाही. त्यात मोठ्याचे धन पुरते आणि लहान आधी उघडा पडतो.

मराठीत दुवा म्हणजे साखळीची कडी. आणि आपल्या मराठवाड्यात, उर्दूच्या शेजाराने, दुवा म्हणजे आशीर्वादही. दुवा देणारा असल्याखेरीज दुवा मिळत नाही, ही गोष्ट दोन्ही अर्थी खरी आहे. हदगावातल्या दुकानाविषयी खरी साक्ष देऊ शकतील ती माणसे येथेच आहेत : शाळा, वाचनालये, ग्रामपंचायती, शेतकरी गट, वार्ताहर. पण त्यांची स्वतःची पानेच नसतील, किंवा पाच वर्षांपूर्वीच्या सूचनेवर थांबलेली असतील, तर साक्ष कोण देणार? मग गावाविषयी बोलायला दूरचे दलाल उरतात. ते चुकीचा फोन नंबर छापतात आणि बंद पडलेल्या दुकानाकडे माणसे पाठवतात. म्हणून हे काम एकट्या दुकानदाराचे नाही. शाळेने आपल्या गावाचा इतिहास लिहावा, वाचनालयाने आपली ग्रंथसूची चढवावी, व्यापारी संघाने सभासदांची तपासलेली यादी ठेवावी, आणि ज्याचे काम आपण डोळ्यांनी पाहिले आहे त्याचाच उल्लेख प्रत्येकाने करावा. मोंढ्यात पत अशीच वाढत आली आहे. मृगाच्या आधी ज्याला सवड असेल त्याने निदान आपल्या दुकानाची नकाशावरील नोंद उघडून फोन नंबर बरोबर आहे की नाही एवढे पाहावे, आणि नसेल तर दुरुस्त करावा.