अस्वलाच्या वाटेवर कोणती बंदूक?

आमच्या कोळारच्या घरात ओसरीवरच्या खुंटीला ठासणीची एक बंदूक आडवी टांगलेली असे. दारू ओतायची, चिंधी गजाने ठासायची, वर छर्रे, पुन्हा चिंधी, शेवटी टोपी. एक विडी ओढून संपावी इतका वेळ आजोबांना त्याला लागे. एकच बार, तो चुकला की पळायलाही उशीर झालेला असतो, असं ते सांगत. त्यांच्या मनात रानडुक्कर असे. बिदरच्या या लाल पठारावर, तुरीच्या आणि उसाच्या शिवारात, अस्वल येत नाही. आम्ही त्याला अस्वल म्हणतो, शेजारचे कन्नड बोलणारे करडी, दख्खनी बोलणारे रीछ; पण तिघांनीही ते पाहिलं दरवेशाच्या दोरीला बांधलेलं.

यंदा पावसाळ्यात अमेरिकेतल्या मोंटानाहून भाच्याचा फोन आला. तिथे परवाना काढून हरणाच्या शिकारीला जाता येतं, पण त्याच रानात ग्रिझली अस्वलं फिरतात. "मामा, कोणती रायफल घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न. आजोबांची ठासणी त्याने लहानपणी हाताळली होती, म्हणून विचारलं असेल. उत्तर द्यायला मला महिना लागला.

तिकडे या प्रश्नावर शंभर वर्षं खल चालू आहे. १९०६ साली अमेरिकन लष्करासाठी निघालेलं .३०-०६ हे काडतूस हरणाला पुरेसं आणि जड गोळी घातली तर अस्वलालाही चालणारं मानलं जातं. इंग्लंडच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीचं .३७५ मॅग्नम १९१२ चं. आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी केलेलं, पण अलास्काच्या शिकाऱ्यांनीही ते आपलंसं केलं. .३३८ विंचेस्टर मॅग्नम १९५८ मध्ये आलं. याखेरीज बारा बोअरच्या बंदुकीत छर्र्यांऐवजी एकच जाड शिशाची गोळी घालून नेणारेही पुष्कळ. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर तर वस्तीबाहेर पाऊल टाकणाऱ्याला पांढऱ्या अस्वलाला हुसकावण्याचं साधन जवळ बाळगावंच लागतं. या साऱ्या चर्चेत गोळीचं वजन, वेग आणि खांद्याला बसणारा धक्का यांचीच मोजदाद असते. धक्क्याचा मुद्दा मला सगळ्यांत खरा वाटतो. ज्या बंदुकीच्या धक्क्याला माणूस मनातून भितो, तिचा चाप ओढताना तो डोळे मिटतो, आणि नेम तिथेच गेला.

आपल्याकडचा इतिहास निराळा. लष्करी मापाची काडतुसं लोकांच्या हाती जाऊ नयेत म्हणून इंग्रज सरकारने .३०३ वर बंदी घातली. त्यातून .३१५ बोअर रूढ झालं, आणि ली-एनफील्डच्या धर्तीची ती रायफल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. 'तीनशे पंधरा' हे नाव आमच्याकडे अजून आदराने घेतलं जातं. पण शेतकऱ्याच्या हाती बहुधा ठासणी किंवा बारा बोअरची दुनळीच असे. त्यांचे छर्रे अस्वलाच्या दाट केसांत आणि चरबीत अडकतात. जनावर मरत नाही, चवताळतं.

चवताळलेलं अस्वल काय करतं याचा आपल्या राज्यातला सर्वांत भयंकर दाखला केनेथ अँडरसनच्या लेखणीतून आला आहे. अरसीकेरेच्या भागात एका अस्वलाने किमान १२ माणसं मारली आणि कित्येकांना कायमचं विद्रूप केलं. अँडरसन कसलेला शिकारी, हातात .४०५ विंचेस्टर, तरीही ते अस्वल पहिल्याच खेपेत त्याच्या हाती लागलं नाही. पल्ल्याच्या टप्प्यात अस्वल दिसलं तर कोणतीही बरी रायफल चालते. ते तसं दिसतच नाही, अडचण तिथे आहे.

आपलं अस्वल वारूळ फोडून वाळवी ओढून घेत असतं तेव्हा त्याला स्वतःच्या आवाजापुढे काही ऐकू येत नाही. नजर अधू. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला गेलेली बाई आणि फुलं खायला आलेलं अस्वल दहा पावलांवर येतात, दोघंही दचकतात, आणि ते बुजून अंगावर येतं. अस्वल गुदगुल्या करून मारतं, ही आपल्याकडची समजूत मला फार दुखावते, कारण खऱ्या जखमा चेहऱ्यावर आणि टाळूवर असतात. डोळा जातो, नाक जातं. छत्तीसगडच्या उत्तर बिलासपूर वनविभागात १९९८ ते २००० या काळात अस्वलांनी १३७ जणांवर हल्ले केले, त्यांतले ११ दगावले. उरलेल्यांतल्या किती जणांना नंतर आरशात बघवलं असेल?

दहा पावलांना किती वेळ लागतो? खांद्यावरून रायफल काढून दस्ता टेकवायलाही तो पुरत नाही. अलास्कात टॉम स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८३ ते २००९ मधल्या, बंदूक जवळ असलेल्या २६९ घटना तपासल्या. बंदूक चालवणारे आणि जवळ असून न चालवणारे, दोघांना इजा होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधी २००८ मध्ये मिरचीच्या फवाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्या १५६ जणांजवळ फवारा होता, त्यांतल्या तिघांनाच, तेही किरकोळ, लागलं. कारण उघड आहे. फवाऱ्याला नेम लागत नाही. समोर मिरचीचा ढग उभा राहतो आणि जनावर आपण होऊन त्यात शिरतं.

भारतात तर प्रश्नाचा अर्धा भाग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मिटवला. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची शिकार हा गुन्हा. जीव वाचवताना सद्हेतूने मारलं गेलं तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा ठरत नाही. मात्र त्या वेळी माणूस स्वतः बेकायदा काही करत असता कामा नये, आणि मेलेलं जनावर सरकारजमा होतं. हा कायदा मला पूर्णपणे मान्य आहे. हंपीजवळच्या दरोजीत १९९४ साली खास अस्वलांसाठी अभयारण्य झालं. तिथल्या तांबूस खडकांवरून संध्याकाळी उतरणारी अस्वलं बघितली की पूर्वी दरवेशाच्या दोरीला बांधलेल्या त्या प्राण्याची चाल किती खोटी होती, ते कळतं.

बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्याला मात्र दरोजीची मौज सांगून भागत नाही. त्याला उद्या पहाटे शेतात जायचंच असतं. त्याच्यासाठी मी घुंगुरकाठी सांगेन. चालताना ती जमिनीवर आपटत जावी, मोठ्याने बोलावं, दोघातिघांनी मिळून जावं, वारुळांच्या आणि दाट झुडपांच्या कडेने अंधारात जाऊ नये. आवाज आधी पोचला की अस्वल बहुधा बाजूला होतं. फवारा परवडला तर कमरेला असावा. पण वारा आपल्या तोंडावर असेल तर तो आपल्यालाच आंधळं करतो.

भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं: हरणासाठी .३०-०६ घे, कारण तिचा धक्का तुला पेलेल. नेमाचा सराव बसून नको, उभ्याने कर. आणि अस्वलासाठी फवारा, तोही पिशवीत नाही, पट्ट्याला. मारलेलं हरीण रानात ठेवून रात्री परतू नकोस, रक्ताच्या वासाने ग्रिझली तिथे येतं. तो म्हणाला, पट्ट्यावरून फवारा काढायला त्याला दोन सेकंद लागतात. ग्रिझली दोन सेकंदांत तीस मीटर तोडतं. आता तो रोज संध्याकाळी परसात उभा राहून, रिकामा डबा पट्ट्याला लावून, दोनाचा एक सेकंद करायचा प्रयत्न करतो.