घर लवकर विकलं, तर कर किती?

सांगलीत फ्लॅट घेतला आणि वर्ष-दीड वर्षात साताऱ्याला बदली झाली, असं अनेकांचं होतं. तेव्हा हमखास सल्ला मिळतो, ‘आलेल्या पैशांत दुसरं घर घ्या, कर लागणार नाही.’ ही सवलत खरी आहे, पण घर दोन वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे असेल तरच. त्याआधी विकल्यास होतो तो अल्पकालीन भांडवली नफा (मालमत्ता मुदतीआधी विकून झालेला फायदा). तो पगारासारखा उत्पन्नात मिळवून नेहमीच्या टप्प्यांनुसार कर लागतो. कोवळा ऊस गाळला तर रस निघतो, पण उतारा पडतो, तसंच हे.

दुसरा घोटाळा कर्जाचा. समजा, फ्लॅट 40 लाखांचा, मुद्रांक शुल्क व नोंदणी अडीच लाख, विक्री 48 लाखांना. नफा साडेपाच लाख. बँकेचे 30 लाख फेडायचे असले तरी ते नफ्यातून वजा होत नाहीत. कर्ज म्हणजे खरेदीचा खर्च नव्हे. हाती उरणारी रक्कम आणि करपात्र नफा वेगळे, हे व्यवहार ठरण्याआधीच मांडून पाहावं.

जुन्या करपद्धतीत मुद्दलाच्या हप्त्यांवर वजावट घेतली असेल, तर तीही तपासा. ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर विकल्यास ती वजावट विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात परत धरली जाते. राहण्यासाठी घेतलेलं कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल, तर मुदतीआधी फेडल्याचा दंड मात्र बँकेला लावता येत नाही.