हरण्या आणि हवेतली सूचना



पावसाळ्यात ढगाळ हवा लांबली की सावदा-रावेर पट्ट्यात एकच धास्ती असते : हरण्या रोग. नव्या लावणीच्या केळीच्या पानांवर पिवळे पट्टे येतात, पोंगा सडतो, आणि कित्येकदा शेतकऱ्याला उभी बाग उपटावी लागते. बाग गेली की सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा व तडवी कुटुंबांची मजुरीही जाते. म्हणून हा विषय.

हरण्याचे कारण कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणू. मावा ही बारीक कीड तो झाडाझाडांत पसरवते.

देवाने झाडाला पाय दिले नाहीत, पण त्याला अगदीच निराधारही ठेवलेले नाही. 1997 साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या रोपांवर हे दाखवले. विषाणूची लागण झालेले रोप मिथाइल सॅलिसिलेट हे रसायन हवेत सोडते. अंगदुखीच्या मलमाला, गंधपुऱ्याच्या तेलाला जो उग्र वास येतो, तो याचाच. शेजारचे निरोगी रोप ते शोषते, त्याचे सॅलिसिलिक आम्ल बनवते, आणि रोग पोहोचण्याआधीच त्याची प्रतिकारशक्ती जागी होते. याला कोणी ‘झाडे बोलतात’ असे म्हणतात. मला ते जास्त वाटते. शेजारी मिरचीची फोडणी करपली की आपल्याला ठसका लागतो, तसेच हे.

मावा चावल्यावरही रोप हेच रसायन सोडते. 2023 साली चिनी शास्त्रज्ञांनी त्याची आतली साखळी उलगडली, आणि त्यात एक वाईट बातमीही निघाली. हरण्याचाच विषाणू आपल्या एका प्रथिनाने ही साखळी मध्येच तोडतो. रोपाकडून रसायन पुरेसे निघत नाही, शेजारी बेसावध राहतात, मावा निवांत फिरतो. घंटा वाजण्याआधी चोराने दोरीच कापावी, तसे.

हे प्रयोग तंबाखूच्या जातीवर झाले, केळीवर नव्हे. तेव्हा बागेत मलमाच्या डब्या टांगू नयेत! केळीत उपाय जुनेच आहेत : रोगट रोप दिसताच मुळासकट उपटून दूर पुरावे किंवा जाळावे, बांधावर टाकू नये, बागेत व जवळ काकडी, भोपळा लावू नये, कारण विषाणू त्यांच्यावरही राहतो, तण काढावे आणि मावा आवरावा.

पिवळा पट्टा बहुधा प्रथम दिसतो तो निंदणी करणाऱ्या बायांना. तो ओळखायचा कसा आणि मालकाला त्याच दिवशी का सांगायचे, एवढे त्यांना पावरी बोलीत समजावून दिले तरी एकेक रोप उपटून बाग वाचू शकते.